मजुरी किलोवर, भाव प्रतीवर

बायांच्या शेतीची उत्पादकता म्हटलं की एकरी क्विंटलच मोजले जातात. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, सावनेर, हिंगण्याकडच्या चार-पाच एकरांच्या कपाशीत मात्र पैसा वेचणीत वाढतो नाहीतर बुडतो, आणि वेचणी बहुतेक बायांच्याच हातची.

सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली की वेचणीची घाई सुटते. ती आवरायची. आधी दव वाळू द्यायचं. ओला कापूस घरात गंजी लावून ठेवला की आतून तापतो, पिवळा पडतो, सरकीही खराब होते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत.

झाड खालून वर वेचायचं. वरून सुरुवात केली तर वाळल्या पानांचा चुरा खालच्या फुटलेल्या बोंडांवर सांडतो, आणि मग तो निवडत बसायला वेगळी मजुरी कोण देणार? अर्धवट उमललेलं बोंड सोडून द्यावं, पुढच्या वेचणीत येतंच.

वेचलेला कापूस भरायला कमरेला बांधतो त्या ओटीला दोन कप्पे शिवा: मोठा चांगल्या कापसाला, छोटा कवडीला, म्हणजे खराब कापसाला. गुलाबी बोंडअळीनं डागाळलेली कवडी मूठभर मिसळली तरी व्यापारी अख्ख्या गाडीचा भाव पाडतो. ओटी सुतीच हवी. खताच्या प्लास्टिक पोत्यात कापूस भरला की पोत्याचे धागे त्यात जातात, ते जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी काढतानाही, निघत नाहीत. केसांचंही तेच, म्हणून डोक्याला घट्ट रुमाल.

वेचणाऱ्या बाईला पैसे किलोवर मिळतात. मग ती कवडी वेगळी काढत का बसेल? यात तिचा दोष नाही, हिशेबच उलटा आहे. दोन कप्पे भरणारीला किलोमागे थोडा जास्त दर दिला, तर तो खर्च भावातून निघायला हवा. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा, कापूस मात्र पहिल्या-दुसऱ्या वेचणीत कधीच मिसळू नये.

राहिला विक्रीचा पैसा. सीसीआयला विकायचं तर कापसाची नोंद असलेला सातबारा लागतो आणि रक्कम त्या खातेदाराच्या बँकेत जाते. बाईचं नाव उताऱ्यावर नसेल तर वर्षभराच्या राबण्याचा एक रुपयाही तिच्या खात्यात दिसत नाही, पीककर्जालाही तीच अडचण. पतीच्या संमतीनं पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. आणि पीक उभं असतानाच, मुदतीत, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, करून घ्यायची.