दोनशे लिटरचा ड्रम आणि शंभर रोपे : परसबागेतील ठिबकाचा माझा अनुभव

सातारा जिल्ह्यातील माण तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो, हे शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते; त्याचा अर्थ मात्र लग्न होऊन दहिवडीच्या पलीकडच्या वाडीत राहायला आल्यावर कळला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत आमचाही तालुका होता. पुढच्या उन्हाळ्यात आमची दोन जनावरे म्हसवडच्या चारा छावणीत होती, विहिरीचा तळ उघडा पडला होता आणि घरात हिरवी भाजी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, तीही मोजून मापून शिजत होती. परसात वांग्याची आणि मिरचीची मिळून दहा-बारा रोपे मी भांडी धुतलेल्या पाण्यावर जगवली होती. त्या रोपांनीच मला ठिबकाच्या वाटेला लावले, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या बचत गटाला त्या वर्षी पावसाळ्यानंतर परसबागेचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. ठिबक म्हणजे ऊस, डाळिंब, मोटार, मोठा फिल्टर आणि अनुदानाची फाईल, एवढीच माझी समजूत होती. शासनाच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ठिबकासाठी राज्याचा वाटा धरून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते. पण त्यासाठी तेव्हा सातबारा आणि आठ-अ लागायचा, आणि आमचे परस गावठाणात असल्याने त्याला सातबाराच नाही. शिवाय अर्ध्या गुंठ्याच्या भाजीसाठी कोणी फाईल करत नाही. म्हणून तो विचार मी तिथेच सोडून दिला. प्रशिक्षण देणाऱ्या ताईंनी सांगितलेली गोष्ट वेगळी होती. पॉल पोलक नावाचे एक अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी १९८१ मध्ये एक संस्था काढली, बांगलादेशात पायाने चालवायचा स्वस्त पंप गरीब शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवला आणि पुढे १९९० च्या दशकात नेपाळच्या डोंगराळ भागात, मोटारीशिवाय केवळ उंचीवर ठेवलेल्या पाण्याच्या जोरावर चालणारे ठिबक करून पाहिले. ठिबकाच्या नळ्या बनवणारे अमेरिकी उद्योजक रिचर्ड चॅपिन यांनी आफ्रिकेतील कुटुंबांसाठी केलेला संच तर याहून साधा : साधारण वीस लिटरची बादली, ती टांगायला खांब आणि खाली भाजीच्या ओळींत पसरलेल्या नळ्या.

मला सर्वांत जवळची वाटली ती निमाडातील कापूस उत्पादकांची हकिकत. लहानपणी आपण ज्या प्लास्टिकच्या पिशवीतला पेप्सीकोला चोखून खायचो, त्या पिशव्यांच्या न कापलेल्या लांबच लांब नळीचे रीळ मिळते. मध्य प्रदेशातील त्या शेतकऱ्यांनी ती नळी सरीत अंथरली, तिला भोके पाडली आणि पावसाच्या आधी लावलेला कापूस त्यावर जगवला. नळी पातळ असल्यामुळे ती एखाद-दुसऱ्या हंगामातच फाटते. पण तिची किंमतच इतकी कमी असते की फाटल्याचे दुःख होत नाही. ही युक्ती कोणत्या कंपनीने किंवा विद्यापीठाने शिकवलेली नव्हती. ती ऐकून आपल्यालाही जमेल, असा धीर आला.

जमले, पण पहिल्या झटक्यात नाही. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात जाऊन मी “ठिबकाचे सामान द्या” असे सांगितले आणि दुकानदारानेही फारशी चौकशी न करता १६ मिलिमीटरची पन्नास मीटर काळी नळी, शंभर ड्रिपर (रोपापाशी थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या), कोपऱ्याला लागणारे जोड, एक लहान जाळीचा फिल्टर आणि एक कॉक बांधून दिला. जुना निळा ड्रम भंगारवाल्याकडून घेतला. सगळा खर्च अडीच हजारांच्या आत बसला. यजमानांनी ड्रमसाठी दगड-मातीचा कमरेएवढा ओटा रचून दिला, ड्रमच्या तळापासून दोन बोटे वर भोक पाडून कॉक बसवला (गाळ खाली बसावा आणि नळीत जाऊ नये, म्हणून दोन बोटे वर) आणि आम्ही पाच ओळींत पाच नळ्या अंथरून प्रत्येक नळीवर वीस ड्रिपर टोचले. ड्रम भरला, कॉक उघडला, आणि काहीच झाले नाही. खालच्या दोन ओळींत कुठे कुठे थेंब दिसला, वरच्या ओळी कोरड्याच राहिल्या.

सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, पायरीवर बसून हे सगळे पाहत होत्या. “झाडास्नी सलाइन लावलंस खरं, पण बाटली उलटी टांगायची ऱ्हायली बग,” असे त्या म्हणाल्या. तेव्हा राग आला होता; पण अडचण उंचीतून मिळणाऱ्या दाबाचीच होती आणि ती त्यांनी माझ्या आधी ओळखली होती.

प्रशिक्षणातल्या ताईंना फोन केला तेव्हा उलगडा झाला. शेतातील नेहमीच्या ठिबकाला चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब लागतो आणि त्यावर ताशी चार लिटर पाणी देणारा ड्रिपर तेवढाच दाब धरून बनवलेला असतो. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा हा दाब मिळतो. माझा ड्रम एक मीटरवर होता, म्हणजे दाब त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. साध्या ड्रिपरमधून एवढ्या दाबावर ताशी सव्वा लिटरच्या आसपास तरी पाणी यायला हवे होते. पण दुकानदाराने मला दिले होते ते चढउताराच्या रानासाठी असतात तसले, आत रबराची चकती असलेले ड्रिपर, जे पुरेसा दाब आल्याशिवाय नीट कामच करत नाहीत. ते वस्तू म्हणून उत्तम आहेत, माझ्या कामाला मात्र निरुपयोगी होते. दुकानाने ते परत घेतले नाहीत. ते अजून एका डब्यात पडून आहेत.

त्यांच्याऐवजी ताईंनी मायक्रोट्यूब वापरायला सांगितली. आतून सव्वा मिलिमीटरच्या आसपास पोकळ असलेली ही काळी बारीक नळी वजनावर किंवा मीटरवर मिळते. तिचा एक तुकडा मुख्य नळीत टोचायचा आणि दुसरे टोक रोपाच्या बुडाशी सोडायचे. ड्रिपर नाही, चकती नाही, झाकण नाही. पाणी किती यावे, हे तुकड्याच्या लांबीवर ठरते : नळी लांब ठेवली की घर्षण वाढून पाणी कमी येते, आखूड केली की जास्त येते. टोचण्यासाठी मी प्रथम खिळा तापवून भोके पाडली आणि ती सगळी गळू लागली. मग दुकानातून ठिबकाचा पंच आणला. तो स्वस्त असतो आणि त्याच्याशिवाय हे काम करू नये.

पाणी वाहू लागल्यावर दुसरी अडचण पुढे आली, आणि हा अनुभव लिहायला घेण्याचे खरे कारण तीच आहे. मीटरभर उंच ओट्यावर तीन फुटांचा ड्रम, म्हणजे पाणी ओतायचे तोंड माझ्या डोक्याच्याही वर गेले. दोनशे लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या तेरा-चौदा घागरी. हापशावरून घागर डोक्यावर आणायची, दगडाची पायरी करून त्यावर चढायचे आणि ती घागर हात उंचावून ड्रममध्ये रिकामी करायची, हे मी चार दिवस केले आणि पाचव्या दिवशी खांदा उचलेना. प्रशिक्षणात सांगितले होते की या ठिबकाला वीज लागत नाही, इंधन लागत नाही, दाब फुकट मिळतो. तो फुकट मिळत नाही. पाण्याला जेवढी उंची द्यायची तेवढी कोणीतरी उचलून द्यावी लागते आणि आमच्याकडे ते उचलणारी बाई असते. छापील माहितीपत्रकांतील चित्रांत ड्रम नेहमी भरलेलाच दाखवलेला असतो, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

यावरचा उपाय आत्यांच्या बोलण्यातून निघाला. आमच्या घराचे जोते परसापेक्षा अडीच फूट उंच आहे. ड्रम उंचावर चढवण्याऐवजी तो मागच्या दारात जोत्यावरच ठेवावा आणि बाग जोत्याच्या पायथ्याशी आणावी, एवढे साधे उत्तर असताना आम्ही परसाच्या टोकाला वेगळा ओटा बांधून बसलो होतो. दोन दिवस खपून वाफे हलवले. आता ड्रमचे तोंड जोत्यावर उभे राहिले की कमरेला लागते. घागर डोक्यावरून उतरवता उतरवताच रिकामी होते आणि न्हाणीतले विनासाबणाचे पाणीही गाळून थेट त्यात जाते. दाब थोडा कमी झाला, ड्रम रिकामा व्हायला दीड तास लागू लागला. पण ठिबकाला घाई कसली?

जोत्याखालची जमीन मात्र सपाट नव्हती. गवंड्याकडची पाण्याने भरलेली लेव्हल पाईप आणून पाहिले तेव्हा पहिल्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत दीड फुटाचा उतार निघाला. अडीच फुटांच्या दाबावर दीड फुटाचा फरक म्हणजे फार झाला. मी प्रत्येक ओळीत तीन ठिकाणी रोपाच्या बुडाशी खळगा करून त्यात स्टीलचे पेले ठेवले आणि घड्याळ लावून दहा मिनिटांनी पाहिले : शेवटच्या ओळीतले पेले भरून वाहत होते आणि पहिल्या ओळीतले दोन-तृतीयांशही भरले नव्हते. मग वरच्या ओळीच्या मायक्रोट्यूब दोन हात लांबीच्या ठेवल्या, सर्वांत खालच्या ओळीच्या तीन हात केल्या आणि मधल्या ओळींना मधली लांबी दिली. एकदा कापलेला तुकडा वाढवता येत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा आधी लांब ठेवून चिमटीचिमटीने कमी केला. तीन संध्याकाळी यात गेल्या. आत्या पेले मोजत होत्या. शेवटी सगळे पेले जवळपास एकाच वेळी भरले, त्या वेळी झालेला आनंद पहिले वांगे तोडतानाच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

हिशोब असा जमला : शंभर रोपे, दोनशे लिटर पाणी, म्हणजे रोपामागे एका भरण्याला दोन लिटर. त्याआधी तांब्याने आळ्यात पाणी घालताना मला तेवढ्याच रोपांना पंचवीस-सव्वीस घागरी लागत होत्या आणि तरी दुपारपर्यंत वरची माती तडकायची. आता बुडाशी हाताच्या पंजाएवढा ओला गोल असतो, त्यावर उसाचे पाचट पसरलेले असते आणि आत बोट घातले तर वाफसा लागतो. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, गवार आणि जोत्याच्या कडेने दोडक्याचा वेल, असे लावले. मेथी-कोथिंबीर मात्र या पद्धतीत बसत नाही. ती दाट पेरायची असते आणि मायक्रोट्यूब एका जागी गळते. तिच्यासाठी मी न्हाणीच्या पाण्यावर वेगळा एक लहान वाफा ठेवला आहे.

पहिल्या उन्हाळ्यात देखभालीचे धडे मिळाले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत. दोन महिन्यांत मायक्रोट्यूबच्या टोकाला पांढरे कण धरू लागले. मोठ्या ठिबकात दाबाने आम्ल सोडून नळ्या साफ करतात, ते इथे शक्य नाही. पण मायक्रोट्यूब उपसून फुंकर मारता येते, तार घालता येते आणि फारच बंद झाली तर चार रुपयांचा नवा तुकडा लावता येतो. दर पंधरवड्याला मी पाचही नळ्यांची टोके उघडून गढूळ पाणी जाऊ देते आणि फिल्टरची जाळी रोज झटकते. ड्रमच्या तोंडाला जुन्या नऊवारीचा तुकडा बांधलेला असतो. ड्रमवर ऊन पडून आत शेवाळ धरू लागले, तेव्हा त्याला गोणपाट गुंडाळले. दुपारी काळ्या नळीतले पाणी चहाइतके तापते, म्हणून कॉक सकाळी सातच्या आतच उघडते. खारींनी दोन ठिकाणी नळी कुरतडली, ती तहानेपोटी. कुंपणाशी मातीच्या परळात पाणी ठेवू लागल्यापासून त्यांनी नळीला तोंड लावलेले नाही.

पाणी किती वाचले, असे गटातल्या बायका विचारतात. प्रामाणिकपणे सांगायचे तर घागरी कमी झाल्या, त्या पहिल्या वर्षापुरत्याच. दुसऱ्या वर्षी त्याच पाण्यात आणखी बसेल म्हणून मी शेवगा आणि पपई लावली, आणि आता पुन्हा वीस घागरींवर आले आहे. फरक एवढाच की पूर्वी तेवढ्या पाण्यात माती भिजायची, आता आठवड्यातले पाच दिवस घरची भाजी शिजते आणि उरलेली गवार मी शाळेच्या पोषण आहारासाठी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना देते.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडेही असेच करून द्या, म्हणून गळ घातली. ड्रम त्यांच्याकडे आहे, मायक्रोट्यूब माझ्याकडे शिल्लक आहे. पण त्यांचे घर सपाट जमिनीवर आहे, त्याला जोतेच नाही. त्यामुळे आम्ही आता उलट बाजूने विचार करतो आहोत : ड्रम उचलण्याऐवजी बागच हातभर खोल खणावी का, आणि खणली तर पावसाळ्यात तिथे पाणी तुंबणार नाही ना. रविवारी लेव्हल पाईप घेऊन जायचे ठरले आहे.