सत्तर टक्के ब्लॉकेज आणि एलडीएलचा आकडा

अँजिओग्राफीची सीडी घरी आली की आठ दिवस एकच विषय चालतो: किती टक्के? एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य नळीत सत्तर, उजवीकडच्या नळीत पन्नास. मग इंदूरच्या रामबागेतून, सुदामानगरातून, पुण्याच्या मेहुण्याकडून सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, स्टेंट टाकून मोकळे व्हा. कुणी म्हणतं, तेल सोडा, सगळं विरघळून जातं. दोघांचीही नजर टक्क्यांवरच असते, आणि घोळ तिथेच होतो.

धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो, त्याला प्लाक म्हणतात. पिकलेल्या फोडासारखा हा थर आतून मऊ असतो आणि वरची साल पातळ असते. साल फाटली की तिथे रक्ताची गुठळी धरते आणि नळी बंद होते. हा झाला हार्ट अटॅक. फाटणारा प्लाक सगळ्यात मोठाच असतो असं नाही. तीस-चाळीस टक्क्यांचा, अँजिओग्राफीत कुणी बोटही न दाखवलेला प्लाकही फाटतो. चालताना छाती भरून येते ती अरुंद नळीमुळे, पण जीव जातो तो बहुधा मऊ प्लाक फाटल्यामुळे. उपचार ठरवताना या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात.

ब्लॉकेज उलटतं का? थोडं उलटतं. डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये ४८ रुग्णांचा अभ्यास छापला. अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, तंबाखू बंद, व्यायाम, रोज योगासनं-ध्यान, गटात बसून बोलणं, आणि कोलेस्टेरॉलची गोळी नाही. वर्षभरात हे पाळणाऱ्यांचा सरासरी अडथळा ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आला; नेहमीसारखं राहणाऱ्यांचा ४२.७ वरून ४६.१ वर गेला. २००६ च्या ‘ॲस्टरॉइड’ अभ्यासात रोसुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी, ४० मिलिग्राम, दोन वर्षं दिली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३० वरून साठच्या आसपास उतरला आणि धमनीतला प्लाकचा वाटा जेमतेम एका टक्क्याने घटला. म्हणजे कुठल्याही वाटेने गेलात तरी टक्के सरकतात ते एक-दोन. सत्तरचे वीस करून देतो असं कुणी सांगत असेल, तर त्याच्याकडे दोन्ही वेळच्या अँजिओग्राफी मागा.

पण एवढ्याशा फरकामागे मोठं काम झालेलं असतं. आतली चरबी आटते, साल जाड होते, प्लाक कडक होतो. एलडीएल ३९ मिलिग्रामने उतरला की अटॅक, स्ट्रोक यांसारख्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात, हे मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. म्हणून लक्ष ठेवायचा आकडा एलडीएल. ज्यांना धमनीचा आजार झालाच आहे त्यांच्यासाठी तो ५५ च्या खाली हवा, आणि मूळच्या निम्म्याहून कमी.

हिशेब सोपा आहे. मूळ एलडीएल १३० असेल तर ॲटोर्वास्टॅटिन ४० (हीसुद्धा स्टॅटिनच) त्याला साधारण ६५ वर आणते. तिथून डोस दुप्पट करून ८० केला तर आणखी सहाएक टक्केच उतरतो. त्यापेक्षा एझेटिमाइब १० ही वेगळ्या गटातली कोलेस्टेरॉलची गोळी जोडली तर उरलेल्यातला पाचवा भाग जातो, म्हणजे ५२. डोस वाढवत बसण्यापेक्षा दुसरी गोळी जोडणं बहुतेकदा शहाणपणाचं. गोळी सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल आणि यकृतासाठी एसजीपीटी करा. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा आणखी एक कण) पण मोजून घ्या. तो आनुवंशिक असतो, पथ्याने हलत नाही, आणि तो वाढलेला असेल तर मुलांचीही तपासणी करावी लागते.

खरी पडझड लॅबच्या कागदावर होते. रिपोर्टमध्ये एलडीएल ९२ असतो, शेजारी ‘१०० पेक्षा कमी: नॉर्मल’ छापलेलं असतं, धोक्याची खूण म्हणून तारा नसतो. काका खुश होतात. तो पल्ला निरोगी माणसाचा आहे, स्टेंट असलेल्याचा नाही. दुसरी गंमत त्याहून महाग: आकडा ५० आला म्हणून गोळी बंद. आकडा गोळीमुळेच ५० आहे. महिना-दीड महिन्यात तो जुन्या जागी जाऊन बसतो.

आणि कॅल्शियम स्कोअर, म्हणजे सीटी स्कॅनवर मोजलेलं धमन्यांतलं कॅल्शियम. स्टॅटिन घेणाऱ्याने तो दर वर्षी करू नये. प्लाक कडक होतो तसा स्कोअर वाढतो, आणि घरचे समजतात औषध लागू पडत नाही.

पाय दुखतात ही तक्रार खोटी नसते, पण कारण दर वेळी गोळीच असतं असंही नाही. २०२० च्या ‘सॅमसन’ अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या रुग्णांना काही महिने स्टॅटिन आणि काही महिने नकली गोळी दिली. स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासातला ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. तेव्हा आधी थायरॉइड आणि सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. मग डॉक्टरांना विचारून दोन-चार आठवडे गोळी थांबवून नंतर कमी डोस, किंवा रोसुवास्टॅटिन ५ एक दिवसाआड. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर ॲटोर्वास्टॅटिन चालू असल्याचं आवर्जून सांगा. दोन्ही एकत्र घेतल्या तर स्नायूंना खरोखर इजा होऊ शकते.

आता खाण्याचं. ऑर्निशचं पथ्य म्हणजे दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्के चरबी: १८०० कॅलरीला फक्त २० ग्रॅम, त्यात दूध-डाळीतली लपलेली चरबीही आली. फोडणीला जवळजवळ काहीच उरत नाही. बहुतेक घरांत हे तीन महिन्यांपुढे टिकत नाही, आणि सुटलं की सगळंच सुटतं. टिकेल ते असं: माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल. चौघांचं दोन लिटर एक तारखेला वेगळ्या डब्यात काढायचं आणि पुरवायचं. तूप, लोणी, साय यांची जागा शेंगदाणा किंवा मोहरीच्या तेलाने घ्यायची, त्यांच्या जोडीला तेल नव्हे. तळून उरलेलं तेल पुन्हा कढवायचं नाही.

इंदूरचे पोहे बिचारे उगाच बदनाम आहेत. ते वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचंच. गोम वरच्या शेवेत आहे: मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेवेत आठ-दहा ग्रॅम तेल आणि भरपूर मीठ, त्यावर जिरावन मसाला, बाजूला जिलबी. पोहे ठेवा, शेव चिमूटभर करा, मोड आलेले मूग, कांदा, लिंबू घाला. सराफा बाजारातला गराडू, म्हणजे तळलेला कंद, थंडीत एखाद्या वेळी, तोही वाटून. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा, लोणचं-पापड धरून. कमी सोडियमचं मीठ आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ते रक्तात धोकादायक वाढतं.

इसबगोल मात्र कामाचा. आपल्याच नीमचच्या मंडीत त्याचा मोठा व्यापार आहे. रोज दहा ग्रॅम भुसा, मोठा पेला पाणी, गोळ्यांपासून दोन तास लांब. एलडीएल पाच-सातेक टक्के उतरतो. थोडाच, पण गोळीच्या वर मिळतो.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. पहिली पाच-सात मिनिटं हळू, मग असा वेग की बोलता येईल पण गाता येणार नाही. मेटोप्रोलोल ही नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यामागे धावू नका; ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. जानेवारीत रीजनल पार्कला अंधारात जाण्याची हौस सोडा, ऊन पडल्यावर जा. थंडीने धमन्या आखडतात. बायपास झाला असेल तर पहिले सहा-आठ आठवडे पाण्याची बादली उचलायची नाही.

स्टेंट कधी? अटॅक चालू असताना ताबडतोब, तिथे पथ्याची चर्चा नको. स्थिर आजारात मात्र स्टेंट छातीतलं दुखणं कमी करतो, पण आयुष्य वाढवत नाही. २००७ चा ‘करेज’ आणि नंतरचा ‘इस्केमिया’ अभ्यास दोन्ही हेच सांगतात. डाव्या मुख्य नळीचा अडथळा, मधुमेहासोबत तीन नळ्या, किंवा हृदयाचा पंप कमजोर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बायपासचा विचार टाळू नका. सलाइनमधून ‘नळ्या साफ’ करणारी किलेशन थेरपी घेऊ नका. २०२४ च्या ‘टॅक्ट-२’ चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल ही गुठळी धरू न देणारी गोळी दात काढायचा म्हणूनही परस्पर थांबवायची नाही. तिच्यासोबत ॲसिडिटीला ओमेप्राझोल नको, पॅन्टोप्राझोल चालते.

सॉर्बिट्रेट ५, म्हणजे जिभेखाली धरून छातीतलं दुखणं उतरवणारी गोळी, खिशात असू द्या. छाती भरली की आधी बसा, मग गोळी जिभेखाली. उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते. सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत (दोन्ही लैंगिक ताठरतेच्या गोळ्या) घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही, आणि हे घरच्यांनाही माहीत हवं, लाज बाजूला ठेवून. पाच मिनिटांत दुखणं ओसरलं नाही तर १०८ लावा, ॲलर्जी नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्राम चावून खा, आणि स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात जाऊ नका.