चौदा इंचाची कॉइल आणि धुऱ्यातले शिसे

भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीत उभे राहून जमिनीतल्या सोन्याच्या खड्यासाठी मेटल डिटेक्टरच्या कॉइलची, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याची, तुलना करण्याचे खरे तर काही कारण नाही. आमच्या पूर्व विदर्भात सोने आहे, भूवैज्ञानिकांनी नागपूर आणि भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत ते नोंदवलेही आहे. पण ते खडकात इतके विखुरलेले असते की डिटेक्टरला त्याचा पत्ता लागत नाही, आणि सोनझारी समाजाचे लोक नदीच्या वाळूतून धुऊन काढत आले तो कण कुठल्याही कॉइलच्या आवाक्याबाहेरचा असतो. तरीही आयटीआयमध्ये आयुष्यभर वायंडिंग शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर तार गुंडाळल्याशिवाय करमत नाही. त्यात भाच्याने एक दिवस मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "मामाजी, चौदा इंचाची कॉइल बनवा. मोठी कॉइल खोल जाते, सोनं खालीच असते."

हा समज सरसकट खरा नाही. १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात किंगोवरजवळ 'हँड ऑफ फेथ' नावाने प्रसिद्ध झालेला सुमारे २७ किलोंचा सोन्याचा गोळा डिटेक्टरने सापडला, तो जमिनीखाली जेमतेम फूटभर होता. डिटेक्टरवाल्यांच्या हाती बहुतेक वेळा येतो तो खडा एखाद्या ग्रॅमचा किंवा त्याहूनही लहान असतो, आणि तिथे कॉइलचा आकार उलटाही पडू शकतो.

कारण साध्या गणितात आहे. कॉइलपासून दूर जाताना तिचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. त्या क्षेत्रामुळे खड्यात उठलेल्या भोवरी प्रवाहांचा, म्हणजे धातूत आतल्या आत गोल फिरणाऱ्या विजेचा, प्रतिसाद वर येतानाही तसाच क्षीण होतो. म्हणजे पुरेशा अंतरावर संकेत सहाव्या घाताने घटतो, आणि दुप्पट खोलीवरच्या त्याच खड्याचा आवाज चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. विजेचा प्रवाह आणि कॉइलचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा तिचा गुण) तेवढेच ठेवून गणित मांडले, तर ज्या खोलीवर शोधायचे आहे तेवढीच त्रिज्या असलेली कॉइल त्या खोलीसाठी सर्वांत जोरकस ठरते. आठ इंच व्यासाची कॉइल चार इंचांवर उत्तम, चौदा इंचांची सात इंचांवर. दोन इंच खोल खड्यासाठी आठ इंची कॉइल चौदा इंचीच्या सुमारे साडेतीन पट संकेत देते. दहा इंचांवर मात्र चौदा इंची अडीच पटीने पुढे जाते. तरी खोलीचा लाभ वर्गमुळाच्या चालीनेच वाढतो: कॉइलचा व्यास दुप्पट केला तरी फार तर ४१ टक्के जास्त खोली मिळेल, आणि तीही जमीन गप्प बसली तर.

गावातल्या मोटार वायंडिंगच्या दुकानातून एनॅमलची तांब्याची तार आणली आणि घरीच जुळवलेल्या पल्स इंडक्शन सर्किटसाठी, म्हणजे विजेचा छोटा झटका देऊन तो थांबल्यावर धातूचा प्रतिसाद ऐकणाऱ्या सर्किटसाठी, तीन मोनो कॉइल गुंडाळल्या. मोनो म्हणजे पाठवणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे एकाच वेटोळ्याने करणारी कॉइल. तिन्हींचे इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास ठेवायचे असल्याने आठ इंचीला सुमारे २४ वेढे लागले, अकरा इंचीला २० आणि चौदा इंचीला १७. पहिली आठ इंची कॉइल फुकट गेली. तार एकमेकींना घट्ट चिकटवून बांधल्याने तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढली, पल्स बंद झाल्यावर ती शांत व्हायला उशीर लावू लागली, आणि लहान खड्यातला भोवरी प्रवाह तर काही मायक्रोसेकंदांतच विझतो. आपण कान उघडेपर्यंत बोलणारा गप्प झालेला असतो. वेढे सैल सोडून ती पुन्हा गुंडाळली, तेव्हा कुठे बारीक तुकडे ऐकू येऊ लागले.

चाचणीसाठी सोने पुरणे परवडणारे नव्हते. घरातून तशी परवानगीही नव्हती. तलावावरच्या मासेमारांकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. नैसर्गिक खड्यातल्या सोन्यात चांदी मिसळलेली असल्याने त्याची वाहकता शुद्ध सोन्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणून त्याच्या जागी शिसे वापरण्याची रीत आहे. सोनाराच्या काट्यावर एक ग्रॅम आणि वीस ग्रॅम असे दोन तुकडे करून घेतले. वरून खड्डा खणून ते पुरले असते तर उकरलेल्या मातीने निकाल बिघडला असता, म्हणून उंच धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेतून दोन, चार, सहा असे बारा इंचांपर्यंत आडवे पीव्हीसी पाइप आत सरकवले आणि बांबूच्या काडीच्या टोकाला शिसे लावून ते हव्या त्या पाइपात घातले. वरची माती जशीच्या तशी राहिली.

एक ग्रॅमचा तुकडा आठ इंची कॉइलने चार इंचांवर स्वच्छ ऐकला, सहावर नुसती शंका. चौदा इंचीला तोच तुकडा दोन इंचांवर कळला. चारावर मी ठाम सांगू शकलो नाही. वीस ग्रॅमला मात्र चित्र फिरले. आठ इंची आठ इंचांवर थांबली, चौदा इंचीने दहा इंचांवरचा आवाज दिला, बारावर तीही मुकी झाली. एवढ्या मोठ्या कॉइलचा, दंड दुखवणाऱ्या वजनाचा मोबदला म्हणजे दोन इंच. अकरा इंची दोन्हींच्या मध्ये राहिली, आणि मला एकच ठेवायची वेळ आली तर मी तीच ठेवीन.

ही सगळी चाचणी कृषिपंपाचा फीडर बंद असताना घेतली. शेतावरून वीजवाहिनी जाते. वीज सुरू असली की चौदा इंची कॉइल अखंड कुरकुरते, कारण मोठे वेटोळे वाहिनीचा गोंगाटही जास्त गोळा करते. भारनियमनाची वाट पाहणारा तालुक्यातला एकमेव शेतकरी बहुधा मीच असेन.

त्याहून मोठी अडचण मातीची. आमच्या खरडी जमिनीत काम चालले, पण बहिणीच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या मातीत चौदा इंची मोनो पहिल्याच फेरीत ओरडू लागली. बेसॉल्टपासून झालेल्या त्या मातीत चुंबकाला चिकटणारी लोहखनिजे आहेत, आणि मोठी कॉइल एका वेळी तेवढी जास्त माती पाहते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांवरूनही खोटे संकेत आले. तिथे डीडी कॉइल उपयोगी पडली. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी, एक पाठवणारे आणि एक ऐकणारे, कडेवर एकमेकांवर चढवलेली. शांत जमिनीत ती त्याच मापाच्या मोनोपेक्षा थोडी उथळ पडते, पण खनिजांच्या जमिनीत तिचे बोलणे समजते. मायनलॅब कंपनीच्या जीपीएक्स ६००० या डिटेक्टरसाठीही ११ आणि १७ इंचांच्या कॉइल मोनो आहेत आणि १४ इंची डीडी आहे, ते उगाच नव्हे.

कोणाला हे वाचून मशीन घेऊन पवनी किंवा मनसरच्या टेकडीवर जावेसे वाटले, तर त्याने जाऊ नये. प्राचीन स्थळी खोदणे गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

माझ्या कॉइलला खरे सोने एकदाच भेटले. रोवणीच्या दिवसांत शेजारच्या वहिनींची पोत बांधीत तुटून पडली. चिखल सुकल्यावर आठ इंची कॉइल घेऊन गेलो आणि तासाभरात तीन बोटे खोल मंगळसूत्राची एक वाटी सापडली, थोड्या अंतरावर दुसरी. साखळी वाट्यांपेक्षा वजनाने जास्त, तरी तिच्यावरून कॉइल कितीदा गेली असेल, एक आवाज नाही. अंगठी हे बंद वेटोळे असल्याने तिच्यात भोवरी प्रवाह मोकळा फिरतो आणि ती खड्यापेक्षाही मोठ्याने बोलते. बारीक साखळीची प्रत्येक कडी मात्र आपापले इवलेसे वेटोळे धरून बसते, आणि तेवढा आवाज मशीनपर्यंत पोचत नाही. आठ आणि चौदा, दोन्ही कॉइल फिरवून मी हात टेकले. तिसऱ्या दिवशी वहिनींच्या सासूबाईंनी त्या जागेची माती घमेल्यात भरून तलावावर नेली, धान्याच्या चाळणीने धुतली, आणि साखळी चाळणीत राहिली.