कडीचा डबा

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

सोमवारपासून इस्ट्रोजेनच्या, म्हणजे बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या सुरू. त्याआधीच्या रिपोर्टांबद्दल आज खरं तर लिहायचं होतं. सगळे आले आणि सगळे चांगले आले. लिव्हर ठीक, किडनी ठीक, पोटॅशियम, प्रोलॅक्टिन, कोलेस्टेरॉल सगळं जागेवर. टेस्टोस्टेरॉन ६१२. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी मधोमध आहे." पुरुष म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या परीक्षेत बरे मार्क पडले, तेही शेवटच्या आठवड्यात.

पण डोक्यात काल आलेली बोहारीण बसली आहे.

पिशवी मीच भरली होती, हे आधी लिहून ठेवते. नंतर सगळं आईवर ढकलायला नको. नऊ शर्ट, तीन पँटी आणि ताईच्या साखरपुड्याला शिवलेला तो कोट. रविवारी कपाट रिकामं केलं आणि पिशवी दारामागे ठेवली. आई म्हणाली, "बुधवारी भांडीवाली येते, तिला देऊ." झालं. एवढंच बोलणं. ठाण्यात आमच्या चरईत अजून बोहारणी येतात, याचं घोडबंदरच्या मावशीला कोण कौतुक! तिच्या टॉवरचा वॉचमन भांडीवालीला गेटच्या आत घेत नाही.

काल मी घरूनच काम करत होते. आतल्या खोलीत मीटिंग, माइक बंद, एक कान बाहेर. आई बोहारणीशी कशी घासाघीस करते ते ऐकायला मला लहानपणापासून आवडतं. ती कॉलर उजेडात धरणार, आई म्हणणार "दोनदासुद्धा घातलेला नाही", ती चमच्यांवर येणार, आई पातेल्यावर. तासभर तरी चालतं.

काल चाललंच नाही. तिने कोट उलटापालटा केला असणार, मग विचारलं, "कोणाचे?"

आई म्हणाली, "मुलाचे होते."

शर्टच होते ते, अनेकवचन, 'होते'च म्हणणार. व्याकरण बरोबर आहे. पण बाहेर एकदम शांत झालं. मग बोहारीण हळू आवाजात म्हणाली, "केवढा होता?"

"एकोणतीस."

"देवाच्या मनात काय असतं, बाई." आणि मग पाटी खाली ठेवल्याचा आवाज, भांड्यांवर भांडी. नऊ शर्ट, तीन पँटी, एक कोट यांच्या बदल्यात तिने आईला कडीचा डबा दिला. मोठा, तांदळाचा. एक शब्द घासाघीस न करता. जाताना म्हणाली, "जपा स्वतःला." आई म्हणाली, "हो."

मी मीटिंगमध्ये "येस, ऑडिबल" असं काहीतरी बोलले.

"मुलाचे होते" हे मी सोडून दिलं. "एकोणतीस" सोडता येत नाही. तो प्रश्न 'होता'चा होता आणि आईने त्याला उत्तर दिलं, तेही बरोबर. गोंधळून दिलं असेल. तीस म्हणाली असती तर मला कमी लागलं असतं, का कोण जाणे.

रात्री जेवण झाल्यावर तलावपाळीला जाऊन बसले. शेजारी तिघं जण सिगरेट ओढत होते. मी सिगरेट सोडली त्याला ४१ दिवस झाले. इस्ट्रोजेन घेताना रक्तात गुठळी व्हायचा धोका असतो, त्यात सिगरेट नको, असं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. नाकाने जेवढा धूर आला तेवढा घेतला आणि स्वतःची भरपूर कीव केली. वाटलं, मी इथे जिवंत बसले आहे, दाणे खाते आहे, आणि तिकडे एका अनोळखी बाईने माझं सांत्वन करून टाकलं. माझं नाही. माझ्यावरून आईचं. मला कोण म्हणालं का, जपा स्वतःला?

तयारी तयारी म्हणून मी सहा महिने याद्या करते आहे. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी झाली. त्यांनी समजावलंही होतं की चिठ्ठीत जे 'जेंडर इन्कॉन्ग्रुअन्स', म्हणजे जन्मावेळी ठरलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग न जुळणं, लिहिलंय ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासूनच्या यादीत मानसिक आजारांच्या प्रकरणात नाही, लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात आहे. मी ते वाक्य बाबांसाठी पाठ केलं होतं. बाबांनी विचारलंच नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ट्रान्सजेंडर लोकांची ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल टीव्हीवर लागला होता तेव्हा त्यांना निवडणुकीच्या बातम्या हव्या होत्या, त्यांनी चॅनल बदललं. अजून बदलतातच.

केस काढायच्या लेझरच्या पाच बैठका झाल्या. ऑफिसात सांगून झालं. वाशीला त्या दुसऱ्या कामासाठीही दोनदा जाऊन आले. गोळ्या सुरू झाल्या की स्पर्म कमी होतात, पुढे बंद केल्या तरी परत येतील याची खात्री नसते, म्हणून गोठवून ठेवायचे तर आधीच ठेवा, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. ठेवले. आईला माहीत नाही. परतीच्या गाडीत तुर्भ्यापासून ऐरोलीपर्यंत मी नुसती... असो, ते आज नको.

या सगळ्या यादीत आईचं सांत्वन कुठेच नव्हतं.

आणि गंमत म्हणजे सोमवारी मरणार कोणीच नाहीये. सोमवारी एक गोळी जिभेवर ठेवायची, मंगळवारी आरशात तोच चेहरा. कातडी मऊ व्हायला तीनेक महिने, छाती पूर्ण भरायला दोन-तीन वर्षं. आवाजाला तर या गोळ्या काहीच करत नाहीत, तो मलाच गच्चीवर घासून घासून काढायचा आहे. एवढा संथ कारभार, आणि आईने मला बुधवारी दुपारी साडेतीनलाच पोचवून टाकलं!

तरी रात्रभर कुरतडत राहिलं ते वेगळंच. आईने कोणालाच सांगितलेलं नाही. मावशीला नाही, बिल्डिंगमध्ये नाही. भिशीत अजून माझ्यासाठी स्थळं येतात, तिथे ती हसून विषय बदलते. म्हणजे गेल्या वर्षभरात तिला "जपा स्वतःला" म्हणणारी ही पहिलीच बाई. ती गैरसमजातून म्हणाली, पण म्हणाली. आणि आई "हो" म्हणाली. तो "हो" मला अजून ऐकू येतोय. "एकोणतीस"पेक्षा तोच जास्त.

आईने वर्षभरात स्वतःची एक भाषा तयार केली आहे. 'आलास' नाही, 'आलीस' नाही. "जेवण झालं का?" "निघायचं ना?" "कधी येशील?" अरे नाही, अगं नाही, हाक म्हणून "ऐकलंस का!" त्यावर बाबाही वळून बघतात. मराठीत एवढी वाक्यं लिंगाशिवाय होतात हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. ती शोधून काढायला तिला किती डोकं चालवावं लागत असेल, हाही विचार मी कालपर्यंत केला नव्हता. मी फक्त 'आलीस'ची वाट बघत होते.

आज सकाळी शेवटी विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"तिला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते?"

"की मी आत बसलेय."

आईने एक खडा काढून बाजूला ठेवला. "सांगितलं असतं तर एवढा डबा दिला असता का तिने?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती मान वर करेना. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. बघते तर हसत होती. थोडं रडतही असेल, मी नीट पाहिलं नाही. मीही हसले. बाबा पेपर खाली करून म्हणाले, "काय झालं?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

मग तांदूळ भरले. कडी लागेना. आईने झाकण फिरवून पाहिलं, ओलं फडकं लावून पाहिलं, मी वरून बसूनही पाहिलं. डबा एका बाजूने चेपलेला आहे, बाहेरून मुळीच कळत नाही.

"फसवलं की बाईने," आई म्हणाली. खरोखर चिडली होती. "पुढच्या बुधवारी येऊ दे, बदलूनच घेते."

"बुधवारी मी घरी असेन."

"मग असशील," आई म्हणाली. "तिला पाणी आणून दे."