तुम्ही विचारलंत म्हणून: नेटवर एवढे फोटो असताना मी अजून काय शोधत असतो?

इलेक्ट्रिक इंजिनाचं स्केल मॉडेल करतोय असं कळलं की हा प्रश्न येतोच. अहो फोटो ढिगाने पडलेत, ड्रॉइंग पण मिळतं कुठेतरी, मग तुम्ही महिनोन्‌महिने नक्की गोळा काय करता? विचारलंत ना, मग आता ऐका, जरा लांबेल.

मी 'क्लास'चं, म्हणजे एकाच डिझाइनच्या सगळ्या इंजिनांच्या गटाचं, मॉडेल करत नाही. अख्खा क्लास रुळावर धावत नसतो, धावतं ते एका नंबरचं एक इंजिन, आणि तेही एका ठराविक काळातलं. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की ढिगातले बहुतेक फोटो आपोआप बाद होतात आणि मग लक्षात येतं की जे हवं ते जवळ फारच थोडं आहे.

जर्मनीचं बीआर १०३ घ्या. १९७० पासून त्याची मालिका निघाली, पण १०३ २१६ या नंबरपासून पुढच्या इंजिनांच्या केबिन लांब केल्या, कारण ड्रायव्हरला जागा अपुरी पडत होती. एकूण लांबी साडेएकोणीस मीटरवरून २०.२ मीटर झाली. म्हणजे १:८७ ला (खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलमध्ये) आठ मिलिमीटरचा फरक, हा काय लपतो का! वर पुढच्या काळात जुने डबल आर्म पँटो (पँटोग्राफ, छतावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा) जाऊन सिंगल आर्म आले, देखभालीला अडतात म्हणून खालच्या कडेचे झाकणपत्रे, म्हणजे स्कर्ट, काढून टाकले. आता कोणी पहिल्या वर्षांतल्या फोटोवरून स्कर्ट लावला आणि शेवटच्या काळातल्या फोटोवरून छत केलं तर तसं इंजिन कधी अस्तित्वातच नव्हतं, कारागिरी कितीही सुंदर असो.

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचं जीजी१ तर याहून मजेशीर. १९३४ ते १९४३ मध्ये १३९ इंजिनं बनली. १९५८ च्या फेब्रुवारीत हिमवादळ आलं तेव्हा बर्फ इतका बारीक होता की हवेच्या फिल्टरमधून सरळ आत जाऊन ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोटर, बंद पडल्या, आणि त्यानंतर बऱ्याच इंजिनांचे हवा घ्यायचे झरोके वर पँटोजवळ नेले. त्यामुळे जीजी१ चा फोटो हातात आला की मी आधी झरोके बघतो, मग सोनेरी पट्टे पाच आहेत का एकच जाड आहे ते बघतो, कारण पाच म्हणजे जुनी रंगसंगती. फोटोवर तारीख नसेल तर अशीच काढावी लागते: पँटो कुठला, मागे डबे कुठल्या रंगाचे, हेडलाइट बदललाय का. तारीख आणि नंबर दोन्ही कळत नसलेला फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो आणि त्याच्यावर काही म्हणजे काही बेतत नाही.

आता छत. लोक याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण खरं इंजिन आपण खालून बघतो पण मॉडेल टेबलावर असतं, ते बघणारा वरूनच बघतो! फोटो काढणाऱ्यांचं मात्र सगळं प्रेम तोंडावर, त्यामुळे छताचा धड फोटो मिळणं म्हणजे दिवस सार्थकी. पँटो, इन्सुलेटर, सर्किट ब्रेकर, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, हॉर्न, कुठे ब्रेकिंग रेझिस्टरची जाळी, आणि हे सगळं कुठल्या टोकाला ते पण कळलं पाहिजे. १५०० व्होल्ट डीसीवरच्या इंजिनाचे इन्सुलेटर बुटके असतात, २५ हजार व्होल्ट एसीचे चांगले उंच, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला लावले की जाणकाराला लांबून कळतं. स्वित्झर्लंडचा पँटो वरती १४५० मिलिमीटर रुंद आणि जर्मनीचा १९५०, म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या कितीतरी इंजिनांवर चार पँटो दिसतात, दोन रुंद दोन अरुंद. चारही सारखे लावलेलं मॉडेल दिसलं की मला फार त्रास होतो, बोलत नाही, पण होतो.

छताचे फोटो पादचारी पुलावरून चांगले येतात, पण पुलावरून काठीला कॅमेरा बांधून खाली सोडणं वगैरे अजिबात नको. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागतो असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारून माणूस जातो. झूम वापरा, आणि जिथे परवानगी लागते तिथे ती मागा.

मापांचं सांगायचं तर बाजूचा फोटो लांबून झूम लावून, इंजिनाच्या बरोबर मध्यासमोर उभं राहून काढलेला हवा. जवळून काढला की पुढे आलेलं मोठं दिसतं, आत गेलेलं लहान, आणि छतावरचं निम्मं सामान कडेमागे गडप. मग माहितीतलं एक माप धरून बाकीची काढायची, इथे बहुतेकजण चाकाचा व्यास धरतात आणि तिथेच फसतात. चाक झिजतं! भारतीय डब्ल्यूएपी-७ चं नवं चाक १०९२ मिलिमीटर आणि पूर्ण झिजलेलं १०१६, म्हणजे सात टक्के, वीस मीटरच्या इंजिनात जवळपास दीड मीटरचा घोटाळा. त्यापेक्षा बोगीच्या (इथे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट) दोन अॅक्सलमधलं अंतर धरा, ते झिजत नाही. समोरच्या फोटोला युरोपातल्या इंजिनासाठी दोन बफरच्या मध्यांतलं १७५० मिलिमीटर अंतर कामाला येतं.

ड्रॉइंग मिळालं म्हणजे काम झालं असं पण नसतं. कारखान्याचं ड्रॉइंग बरेचदा काय बनवायचं ठरलं होतं ते सांगतं, पुढे शेडमध्ये काय काय बदललं ते सांगत नाही. स्कॅन केलेलं असेल तर आडवं आणि उभं ताणलेलं वेगवेगळं असू शकतं, म्हणून त्याच्यावर लिहिलेल्या आकड्यांशी पट्टी लावून दोन्ही दिशांना ताडून बघायचं.

संग्रहालयातलं इंजिन मोजायला उत्तम, कारण ते हलत नाही. डब्ल्यूसीजी-१, म्हणजे १९२८ च्या सुमाराचं ते खेकडा इंजिन, त्याचे साइड रॉड आणि जॅकशाफ्ट (मोटरची गती चाकांपर्यंत नेणारे दांडे आणि आडवा आस) फोटोवरून समजून घेणं कठीणच, पण दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एकेक उभं आहे. मापं तिथून बिनधास्त घ्या, रंग मात्र घेऊ नका. प्रदर्शनातलं इंजिन पुन्हा रंगवलेलं असतं, केबल-होस गायब असतात, आणि धावणाऱ्या इंजिनावर ब्रेकची तपकिरी धूळ आणि छतावर पँटोच्या कार्बनची काजळी असते ती तिथे कुठून येणार.

रंगाबद्दल एवढंच की स्क्रीनवरच्या फोटोवर विश्वास ठेवू नका. रेल्वेने रंगाचा नंबर ठरवलेला असेल तर तो शोधा, जर्मन रेल्वेचा हल्लीचा लाल म्हणजे आरएएल ३०२०.

आणि किती बारीक जायचं ते स्केलच ठरवतं. पंचवीस मिलिमीटरचा हँडरेल १:८७ ला ०.३ च्या तारेने होतो, पण त्याच्या बोल्टचं डोकं शोधत बसलो तर जन्म जाईल. दोन बाजू सारख्या नसतात, आतला कॉरिडॉर एका बाजूला असला की ग्रिल आणि खिडक्या बदलतात, तेव्हा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो मिळेपर्यंत मी पत्रा कापत नाही. एक बाजू मिळालीच नाही तर त्याच लॉटमधल्या मागच्या-पुढच्या नंबरचं इंजिन बघतो, आणि तेही नसेल तर दुसरा नंबर निवडतो, ज्याचे फोटो आहेत असा. सध्या याच कारणाने एक प्रोजेक्ट तिसऱ्या नंबरवर पोचलाय.