रिकाम्या बॅगेचं वजन

न्हाणीघरातल्या वजनकाट्याला हलक्या वस्तू कळत नाहीत. रिकामी बॅग त्याच्यावर ठेवली की तो कधी शून्य दाखवतो, कधी काहीच दाखवत नाही. म्हणून आधी आपण एकटं उभं राहायचं, मग बॅग हातात घेऊन, आणि वजाबाकी करायची. ही युक्ती यांची. पण उभं कोणी राहायचं? यांची कंबर धरलेली, म्हणून मी. मग वाकून आकडे कोणी वाचायचे? कंबर धरलेली असूनही हेच. अशा रीतीनं अडतीस वर्षांच्या संसारात मी न सांगितलेला एक आकडा नव्या बॅगेपायी यांना कळला. "बॅग दोन किलो सहाशे," एवढंच हे म्हणाले. दुसऱ्या आकड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शहाणा माणूस.

दोन किलो सहाशे. देशातल्या देशात उडायचं तर विमानात हाताशी न्यायच्या बॅगेला सात किलोंची मर्यादा. सातातून दोन पूर्णांक सहा गेले, राहिले चार पूर्णांक चार. साताऱ्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकी जिवाला लागणारी वजाबाकी फळ्यावर कधी लिहिली नव्हती. सातातले सदतीस टक्के एकटी बॅगच खाते. मार्केट यार्डातला व्यापारीसुद्धा आधी बारदान वजा करतो आणि मग गुळाचे पैसे लावतो. विमानवाले बारदानासकट तोलतात.

विमानाची गरज का पडली, तर लेक बेंगळुरूला. खरं म्हणजे बेंगळुरूचा हमरस्ता आमच्या साताऱ्याच्या अंगाला घासून जातो. रात्री बसमध्ये बसलं की सकाळी तिथं. पण स्लीपरच्या वरच्या बर्थची शिडी चढायला माझ्या गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हापासून विमान. त्यासाठी आधी शंभरावर किलोमीटर उलटं पुण्याला जायचं, लोहगावला विमानात बसायचं आणि मग ज्या दिशेनं आलो तिकडंच तोंड करून उडायचं. खिडकीतून मी दर वेळी अजिंक्यतारा शोधते. अजून सापडलेला नाही.

पंधरा किलोंची मोठी बॅग खाली सामानात टाकता येते, हे मलाही ठाऊक आहे. पण लेकीचा हुकूम: "आई, चार दिवसांसाठी येतेस, पट्ट्यापाशी ताटकळत बसू नकोस. छोटी मऊ बॅग घे."

म्हणून पोवई नाक्यावरचं दुकान. विकणारा पोरगा विशीतला, बोलायला चटपटीत.

"काकू, ही घ्या. छत्तीस लिटर."

"लिटर? मला काय ताक न्यायचंय?"

तो हसला, पण मला ते लिटर गप्प बसू देईना. बॅगेच्या चिठ्ठीवर माप होतं ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटर. तिन्हींची बेरीज ११५, म्हणजे बऱ्याच कंपन्यांना चालणारी. पण गुणाकार येतो ४८,१२५ घनसेंटिमीटर, म्हणजे अठ्ठेचाळीस लिटर. मग वरचे बारा लिटर गेले कुठं? मी विचारलं, तसा पोरगा मालकाला बोलवायला गेला. तोवर मीच बॅग उघडून हात घातला. पाच सेंटिमीटर चाकांनी खाल्ले होते, थोडे कडांच्या जाडीनं. आणि तळाच्या अस्तराखाली दोन लांब उंचवटे हाताला लागले, म्हातारीच्या पाठीवर मणके लागतात तसे. हॅण्डलच्या नळ्या. ओढताना बाहेर येणारं हॅण्डल एरवी आतच निजलेलं असतं, आणि आपण पैसे मोजून घेतलेल्या जागेत निजलेलं असतं. त्या दोन उंचवट्यांमधल्या खोबणीत मोजे आणि परकर कोंबले की तळ सपाट होतो, हे मला नंतर कळलं. दुकानात कुणी सांगत नाही.

मालक आले ते कापडाची तारीफ करत. "सहाशे डेनियर आहे मॅडम, फाटायचं नाव नको." डेनियर म्हणजे काय, हे त्यांना सांगता येईना, मला येत होतं, पण मी गप्प बसले. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आमच्या हिल मॅरेथॉनमध्ये पोरं एकवीस किलोमीटर पळतात, त्याच्या निम्म्याहूनही कमी लांबीचा धागा, आणि तो सहाशे ग्रॅम भरला तर सहाशे डेनियर. आकडा वाढला की धागा जाड आणि बहुधा टिकाऊ, पण मग बॅगही जड. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या अंगरख्यांसाठी जे बॅलिस्टिक नायलॉन काढलं, त्याच्याही बॅगा मिळतात. गोळ्यांच्या ठिकऱ्या अडवायला काढलेलं कापड ते. माझ्या बॅगेवर हल्ला झालाच तर फार तर नातवाचा होईल, म्हणून मी सहाशेवर समाधान मानलं.

टणक बॅग का नको, यावर यांच्याशी दोन संध्याकाळी वाद झाला. यांची निष्ठा आमच्या लग्नातल्या व्हीआयपीशी. ती अजून माळ्यावर आहे, पोटात रजया घेऊन, आणि तिच्यावर उभं राहून हे दिव्याचे बल्ब बदलत आले आहेत. पण आताच्या टणक बॅगा पुस्तकासारख्या मधोमध उघडतात. दोन्ही पानं पसरायला भुई लागते. एसटीच्या सीटवर, लेकीच्या अरुंद खोलीत, विमानतळाच्या बाकावर ती कुठून आणायची? मऊ बॅगेचं झाकण डब्यासारखं वर होतं. शिवाय बाहेरून दोन खिसे. चष्मा, गोळ्या, आधार कार्ड, पॉवर बँक सगळं हाताशी. या पॉवर बँकेनं तर एकदा माझा मान राखला. विमान गच्च भरलं होतं, दाराशीच सांगितलं की बॅगा खाली सामानात टाकणार, पॉवर बँक काढून घ्या. खालच्या सामानात ती चालत नाही, बॅटरी पेटायची भीती. मी खिशाची चेन ओढली आणि तीन सेकंदांत मोकळी झाले. माझ्यापुढचा गृहस्थ मात्र टणक बॅग जमिनीवर पसरून, बनियनी चाचपत बसला होता. रांग त्याला वळसा घालून पुढं गेली.

मात्र मऊ बॅगेचा एक स्वभावदोष आहे, आणि तो दुकानात दिसत नाही. ती नाही म्हणत नाही. टणक बॅग भरली की भरली, झाकण लागत नाही, विषय संपला. मऊ बॅग आणखी थोडं, आणखी थोडं म्हणत फुगत राहते. वर तिला कंबरेभोवती एक जादा चेन असते. ती उघडली की पोट चार बोटं पुढं येतं. पंगतीत "घ्या हो, एकच" म्हणणाऱ्या यजमानासारखी ही चेन. तिच्या नादाला लागून मी पहिल्याच खेपेला जाऊबाईंची शाल वरून कोंबली होती. विमानतळावर मापाची लोखंडी चौकट असते, तिच्यात बॅग अर्ध्यावर अडकली. ना खाली जाईना, ना वर येईना. शेवटी शाल काढून अंगावर घेतली आणि उरलेली बॅग गुडघ्यानं दाबून बसवली. बेंगळुरूला उतरेपर्यंत मी शाल पांघरलेली सत्कारमूर्ती. पण बसली ती चौकटीत. टणक बॅग बसली नसती, हे मी घरी येऊन यांना तीनदा सांगितलं.

नाही न म्हणण्याचा दुसरा फटका खाण्याच्या जिनसांचा. सुकं खोबरं खालच्या सामानात चालत नाही. तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नको म्हणतात. उरले आमचे कंदी पेढे. ते चालतात. पण म्हशीच्या दुधाचा खवा आटवून, भाजून केलेला तो पदार्थ दिसतो छोटा आणि भरतो जड. साताऱ्याचा माणूस पेढ्यांशिवाय कुणाच्या दारात उभा राहिल्याचं मला आठवत नाही.

बॅग घेतल्यावर मी ती राजवाड्याच्या बाजूला बसणाऱ्या चेनवाल्या मामांना नेऊन दाखवली. दुकानदार कापडाचं कौतुक करतो, मामा फक्त चेन बघतात. त्यांनी बॅग मांडीवर घेतली, चेन एकदा झरकन पुढं आणि एकदा अगदी सावकाश मागं नेली, कोपऱ्यावर थांबून पुन्हा नेली. "आठ नंबर हाय. कोपऱ्यावर अडकत न्हाई. रनर ग्येला तर घेऊन या, बदलून दीन." मग मी कुलूप दाखवलं, दोन्ही रनर एकात अडकवणारं, तीन आकड्यांचं. मामांनी कानावरचं बॉलपेन काढलं. म्हणाले, "लावा." मी लावलं, आकडे फिरवले. त्यांनी पेनचं टोक चेनीच्या मधोमध टोचलं, किंचित दाबलं, आणि दात उसवावेत तशी चेन दोन्हीकडं उकलत गेली. माझं कुलूप जागच्या जागी बंदच. आत हात घालून माझा रुमाल बाहेर काढला, मला दिला. मग कुलूप लावलेले दोन्ही रनर तसेच धरून चेनीवरून एक फेरी मारली. चेन पुन्हा मिटली. कुठं काही झाल्याची खूण नाही.

"मग कुलूप कशाला?" मी विचारलं.

"बॅगंबरं फुकट येतं ना," मामा म्हणाले. पेन परत कानावर ठेवलं, पैसे घेतले नाहीत.

आता चाकं. यांनी मला इतिहास ऐकवला: बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसानं १९७२ साली चाकांच्या सुटकेसचं पेटंट घेतलं. तिला चार चाकं आणि एक पट्टा, हट्टी कुत्रं ओढावं तशी ओढायची. मग १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं ती उभी केली, दोन चाकं आणि लांब हॅण्डल. आणि आता पुन्हा चार, सगळीकडं गरगर फिरणारी. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकांसारखं सुख नाही. मनगटावर भार नाही, एका बोटानं ढकला. दोन चाकांची बॅग कलती करून ओढावी लागते, पण तिची चाकं मोठी, निम्मी आत दडलेली, आणि सोडली की ती जिथल्या तिथं बसते. माझ्या मनगटानं चारच्या बाजूनं कौल दिला. विमानतळापुरतं ते ठीकच. पण मी काही विमानतळावर राहत नाही.

पहिल्याच प्रवासात स्वारगेटच्या विनाथांबा गाडीत बॅग सीटशेजारी वाटेत उभी केली होती. खंबाटकीचा बोगदा सुटला, पुढं ते एस आकाराचं वळण आलं आणि माझा डोळा लागलेला. बॅग निघाली. आधी मागं गेली, मग डावीकडं, मग कुणाच्या तरी पायावर टेकून परत फिरली आणि थेट ड्रायव्हरच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिली. विनावाहक गाडी, कंडक्टर नाहीच. ड्रायव्हरच ओरडला, "हे कुणाचं पोर सुटलंय?" तेव्हापासून मी तिच्या हॅण्डलला ओढणीची गाठ मारून दुसरं टोक मनगटाला बांधते.

घरापाशी मात्र गाठ मारायची राहून गेली. साताऱ्यातल्या गल्ल्या म्हणजे अजिंक्यताऱ्याचाच पदर. आमच्या फाटकापासून किराणा दुकानापर्यंत चांगला शंभर पावलांचा उतार. या दिवाळीनंतर निघाले. बॅग घरच्या काट्यावर, म्हणजे बॅगेसकट मी वजा एकटी मी, सहा किलो नऊशे भरली होती. मी फाटकाची कडी लावायला दोन्ही हात मोकळे केले, तेवढ्यात चाकांचा आवाज आला. बॅग ताठ उभ्यानं, घाई न करता, उतारावरून चालली होती. हे कंबर विसरून तिच्यामागं, मी दोघांच्या मागं. दुकानदार माझा जुना विद्यार्थी, सातवी ब. त्यानं पायरीवर बसल्या बसल्या नुसता पाय पुढं केला आणि बॅग अडवली.

"बाई, विमानाची का?" असं म्हणून त्यानं न विचारताच ती उचलून पोत्यांच्या काट्यावर ठेवली. "सात किलो दोनशे दहा."

"काटा बरोबर आहे का तुझा?"

"बाई, मापात पाप न्हाई. शिक्का हाय सरकारी."

माझ्या वजाबाकीत तीनशे दहा ग्रॅमची चूक. तीस वर्षांच्या नोकरीत ही पोरं माझ्या चुका काढायला टपलेली असत, त्यातल्या एकाला अखेर सापडली. मी चेन उघडली. पेढे एक किलो, पण पाव पाव किलोचे चार डबे करून घेतले होते. एक डबा काढून फळीवर ठेवला. काट्यावर सहा किलो नऊशे चाळीस.

काढलेला डबा घरी न्यायला उतार पुन्हा चढावा लागला असता. म्हणून तिथंच उघडला. दुकानदारानं दोन घेतले, दळण न्यायला आलेल्या शेजारच्या वहिनींनी एक, तोवर रिक्षा आली तर रिक्षावाल्यानंही एक घेतला. हे पेढा तोंडात धरून काट्याकडं निरखून बघत होते.

"हा काटा घरच्यापेक्षा बरोबर दिसतोय," हे म्हणाले. "तू उभी राहतेस का जरा?"

मी बॅगेसकट रिक्षात बसले.