विमानातून इंद्रवज्र : खिडकीच्या जागेविषयीची दुसरी नोंद

गेल्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोन सकाळी धुक्यात उभा राहूनही मला इंद्रवज्र, म्हणजे आपल्या सावलीभोवती उमटणारे रंगीत वर्तुळ, दिसले नाही, आणि तेव्हाच ते विमानाच्या खिडकीतून शोधायचे ठरवले. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात या गडावरील ज्या वर्तुळाचे वर्णन केले आहे, त्यामागचे कारण आकाशातही तेच असते : सूर्य पाठीशी आणि बारीक जलबिंदूंचा ढग समोर असला, की पाहणाऱ्याच्या सावलीभोवती आतून निळसर व कडेला तांबूस असे वलय उमटते. त्यामुळे जागा सूर्याच्या विरुद्ध बाजूची हवी, एवढे गृहीत धरून मी सुरुवात केली.

जुलैमध्ये सकाळी साडेसातच्या पुणे–दिल्ली विमानात मी ५ए ही डावीकडची खिडकीची जागा घेतली. पंखाच्या पुढे बसल्यास जमीन मोकळी दिसते, हा माझा जुना अनुभव होता. खाली ढगांचा अखंड थर होता, तरीही वलय दिसले नाही. घरी आल्यावर कागदावर दिशा मांडल्या, तेव्हा चूक कळली. विमान उत्तरेकडे, थोडे ईशान्येला झुकून जाते आणि जुलैतला सकाळचा सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे तो उजवीकडे खरा, पण पुढच्या अंगाला. साहजिकच त्याच्या विरुद्ध बिंदू डावीकडे मागच्या अंगाला पडतो, आणि माझ्या जागेवरून तो पंखाआड गेला होता.

ऑगस्टमध्ये त्याच वेळेच्या विमानात २६ए ही पंखामागची जागा घेतली. ढगांतून वर येताच थराच्या पृष्ठभागावर विमानाची ठसठशीत सावली धावू लागली आणि तिच्याभोवती पूर्ण वलय होते. वलयाचा मध्य सावलीच्या पंखामागे, शेपटीच्या अलीकडे होता, म्हणजे जिथे मी बसलो होतो तिथेच. छायाचित्रावरून आपली रांग ओळखता येते ती यामुळे. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब असल्याने उंची वाढत गेली तशी सावली विरत गेली, परंतु रंग बराच वेळ टिकून राहिले. ते क्षण मी कॅमेरा खाली ठेवून नुसते पाहिले.

छायाचित्रे घेणाऱ्यांनी ध्रुवण गाळणी (पोलरायझिंग फिल्टर) काढून ठेवावी, कारण खिडकीच्या ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकमुळे तिच्यातून भलतेच रंगीत पट्टे दिसतात. पंखामागच्या जागांवरून इंजिनाच्या गरम झोताने काही भाग थरथरतो, हा या जागेचा खरा दोष आहे.

दिल्लीहून दुपारी चारला परततानाही डावीकडचीच जागा योग्य ठरली, कारण तेव्हा विमान दक्षिणेकडे जाते आणि सूर्य पश्चिमेला असतो. त्या वेळी वलय जवळजवळ काटकोनात, थेट खिडकीसमोर आले. याउलट पुणे–नागपूरसारख्या पूर्व–पश्चिम मार्गावर सकाळ-संध्याकाळ विरुद्ध बिंदू विमानाच्या नाकासमोर किंवा शेपटीमागे जातो, म्हणून तिथे या कामासाठी जागा निवडण्यात अर्थ नाही. भर दुपारी तो थेट पोटाखाली असतो.

पुढचा प्रयत्न एटीआर ७२ या प्रोपेलरच्या विमानातून करणार आहे. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात आणि ते जेट विमानांपेक्षा कमी उंचीवरून जाते, त्यामुळे सावली अधिक वेळ टिकेल अशी माझी अपेक्षा आहे.